डाव्या पायाची सपात

पाण्यासारखी दिसते. पाण्यापेक्षा जड. कातड्यात शिरली की कातड्यातून निघत नाही.

आईने जन्मात एकही जोडा फेकला नाही. ती गेल्यावर कपाटातून अकरा जोड निघाले. त्यातले चार वडिलांचे, आणि वडील तिच्या अठरा वर्षं आधी गेले होते.

एकेचाळीस नंबर.

फेब्रुवारीत चेक देशातल्या पार्दुबित्सेच्या रस्त्यांवर मीठ पसरतात. बर्फ वितळतो, मीठ राहतं, आणि बुटांच्या तळाला चिकटून घरात येतं.

"इथे पाय लागत नाहीत श्टेफकोवाबाई, डोकं लागतं," नवा प्रमुख म्हणाला. सगळे हसले. मीही हसले, आणि ते मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

शुद्धता नव्याण्णव टक्के. मग एक्क्याऐंशी.

ट्रॉलीबसने ब्रेक मारला.

ब्रेक काही फार जोरात नव्हता. पुढे उभ्या असलेल्या बाईची चाकांची पिशवी घरंगळली आणि माझ्या डाव्या बुटाच्या टोकावर आपटली, एवढंच. पिशवीत बटाटे असतील, पाच किलो, फार तर सहा. पण कळ अंगठ्यातून निघाली ती थेट दाढांपर्यंत गेली. बाई म्हणाली, माफ करा हं, आणि मी तिच्याकडे असं पाहिलं की तिने पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. मी खाली वाकले, बूट काढला, मोजा काढला. अंगठ्याच्या मुळाशी राजम्याच्या दाण्याएवढा फोड होता, पिवळसर, ताणलेला, भोवती तांबूस कडं. सकाळी मोजा चढवताना तो नव्हता. किंवा असेल, एकोणसाठ वर्षांची बाई सकाळी उठून आपल्या पायांकडे पाहत नाही. शेजारच्या म्हाताऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं आणि विचारलं, घरी पोहोचलात की काय बाई, का अजून दोन स्टॉप आहेत? मी म्हटलं, तुम्ही वाचा. तो वाचायला लागला. उघडा पाय तसाच हवेत धरून मी बसून राहिले, आणि फोड कसला आहे हे कळायला मला जेवढा वेळ लागायला हवा होता त्याच्या निम्माही लागला नाही.

एपी. तिचं पुरं नाव एपिक्लोरोहायड्रिन, पण एकतीस वर्षं एकाच खोलीत काढल्यावर पूर्ण नावाने कोण हाक मारतं. तिची दोन रूपं असतात, अणू तेच, जोडणी तीच, फक्त एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. डावा बूट आणि उजवा बूट असतात तशी. बाजारात पिंपांनी मिळते ती दोन्ही मिसळलेली, तिच्यापासून गोंद बनतो, रंग बनतात, तिला कोणी विचारत नाही. आमच्या संस्थेत आम्ही एकच रूप वेगळं काढून छोट्या बाटल्यांतून विकतो, कारण हृदयाच्या काही गोळ्या त्या एकाच रूपापासून बनवाव्या लागतात, दुसऱ्यापासून बनवल्या तर शरीर त्यांना ओळखत नाही. संशोधन करणारे लोक युरोपभरातून मागवतात. आलेल्या पत्रांत नेहमी लिहिलेलं असतं की किती शुद्ध, किती टक्के, डावं की उजवं. ती माणसाला काय करते हे कोणी विचारत नाही, कारण ते डब्याच्या झाकणावर छापलेलं असतं: गिळू नका, हुंगू नका, अंगाला लावू नका, बहुधा कर्करोग. बहुधा ह्या शब्दावर माझा राग आहे. तिच्या रेणूत तीन अणूंचं एक आवळलेलं कडं असतं, ते कुठल्याही क्षणी उलगडून शेजारच्या कशालाही मिठी मारतं, पेशीतल्या आनुवंशिक धाग्यालासुद्धा. तिला थोडा वास आहे, गोडसर, जरासा लसणीचा; पण वास आला म्हणजे उशीर झाला, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. साध्या रबराच्या हातमोज्यातून ती काही मिनिटांत पलीकडे जाते. आणि ती लगेच चावत नाही. हेच तिचं. लावून घेतलं तेव्हा काही नाही, जेवलो तेव्हा काही नाही, झोपलो, सकाळी फोड.

म्हणजे काल दुपारी माझा पाय मला वाटला होता तेवढा धुतला गेला नव्हता.

काल, गुरुवारी, तीन वाजता, हवा ओढणाऱ्या काचेच्या कपाटापाशी उभी राहून मी सिरिंजने बाटली भरत होते. सिरिंजचा दांडा गळत होता. गळतोय हे मला सोमवारपासून माहीत होतं, नवी मागितली होती, आमच्या प्रमुखाने, पेशेकने, सही केली नव्हती. तीन थेंब, कदाचित चार, ताटाच्या कडेवरून माझ्या डाव्या सपातेवर पडले. लाकडी तळ, वर तपकिरी कातडं, हवेसाठी भोकं पाडलेलं. कातड्यावर काळा ठिपका उमटला आणि माझ्या डोळ्यांदेखत पसरला. मी सपात उतरवली, मोजा टाकला, पाय धुतला, पाच मिनिटं, सात मिनिटं. पंधरा मिनिटं धुवायचा असतो. कातडं भिजलं तर ते धुवायचं नाही, वाळवायचं नाही, दोन पिशव्यांत बांधून जाळायला पाठवायचं, हेही पहिल्या दिवशी शिकवतात; मीच शिकवते. पण त्या सपाता मला नवऱ्याने लितोमिश्लच्या जत्रेतून आणून दिल्या होत्या, आणि आमच्या गावात बायका गादीसुद्धा फेकत नाहीत, खिडकीत टाकतात. वारा लागला की सगळं जातं असं आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. रसायन शिकलेल्या डोक्याच्या खाली दुसरं एक डोकं असतं, त्याने काही शिकलेलं नसतं. मी सपाता उचलल्या आणि खाली दारापाशी, बुटांच्या मांडणीच्या सगळ्यात खालच्या फळीवर, जिथे फटीतून वारा येतो, तिथे ठेवल्या.

खालची फळी पाहुण्यांची. ज्याच्याकडे आपल्या सपाता नाहीत त्याने खालच्या फळीवरचं काहीही घालावं. तिथे जे आहे ते सगळ्यांचं.

मोजा खिशात कोंबून मी नुसता बूट चढवला. हात थरथरत नव्हते. डॉ. रादिम पेशेक म्हणतो की माझे हात थरथरतात. दोन वर्षांपूर्वी तो झुरिकहून आला आणि आमचा प्रमुख झाला, बेचाळीस वर्षांचा, केस मागे फिरवलेले, आणि पहिल्याच दिवशी रस्त्यावरच्या बुटांनिशी, तळाला मीठ आणि चिखल घेऊन, वरच्या मजल्यावर चालत आला. ह्या देशात माणूस स्वतःच्या आईच्या घरातही बूट घालून जात नाही. मी त्याला दारात सांगितलं, तेव्हा तो ते पायांचं आणि डोक्याचं बोलला. मग तो रोज तसाच यायचा, आणि मी रोज त्याच्या पावलांमागून लादी पुसायचे, तो पाहत असताना. हे दोन वर्षं. ऑक्टोबरमध्ये एका शुक्रवारी कोबाल्टचा तो गडद तपकिरी उत्प्रेरक एपीचं नको असलेलं रूप खाऊन रिकामा झाला, आणि उरलेलं चांगलं रूप त्याच संध्याकाळी उडवून वेगळं काढायला हवं होतं, कारण तसंच ठेवलं तर तोच उत्प्रेरक सावकाश त्यालाही उलटंपालटं करायला लागतो, डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं, अर्धं अर्धं होईपर्यंत. मी म्हटलं, मी थांबते. पेशेक म्हणाला, जादा तासांना मंजुरी नाही, सोमवारी करा. सोमवारी नव्याण्णवचे एक्क्याऐंशी झाले होते. अहवालात त्याने लिहिलं: तांत्रिक कर्मचाऱ्याची हलगर्जी. तोंडाने म्हणाला, वय होतं बाई, हात थरथरतात, ह्यात लाज कसली. एकतीस वर्षांत माझी एकही बाटली परत आली नव्हती. निवृत्तीला चौदा महिने होते, आणि त्याने एक लेखी ठपका ठेवलेला होता. दुसरा आला की बाहेर.

म्हणून मीही लिहिलं. सुरक्षा अधिकाऱ्याला, नियमांच्या कलमासकट: बाहेरचे बूट वरच्या मजल्यावर आणणं बंद, प्रमुखांसह सर्वांना. गुरुवारी दुपारी बारा वाजता ते सगळ्यांना पाठवलं गेलं. शुक्रवारी ऑस्ट्रियातल्या ग्रात्सहून खरेदीदार येणार होते, त्यांच्यासमोर त्याला दारात उभं राहून बूट काढावे लागतील, आणि त्याच्याकडे तर सपाता नाहीतच. त्याचे पाय लहान. खालच्या फळीवरचे सगळे जोड चव्वेचाळीस-पंचेचाळीसचे, जुने, लोकरीचे, त्यात तो लहान पोरासारखा फरफटत चालला असता. माझे पाय मोठे. नवरा म्हणायचा, लिबुशे, तुझ्या बुटात मांजर विते. एकेचाळीस नंबर. पेशेकचाही एकेचाळीस.

इथे ट्रॉलीबसमध्ये माझ्या कानांत काहीतरी बंद झालं, पाण्याखाली जावं तसं.

यार्मिला आमच्या फाटकावर बसते. मी तिला फोन लावला. आत गेले का सगळे, विचारलं. ती म्हणाली, आठ वाजताच. "आणि तुझा तो झुरिकवाला आज बूट काढून गेला हं. अर्धा तास मांडणीपाशी घुटमळत होता. शेवटी तुझ्या सपाता चढवल्यान. काय दिसतोय म्हणून सांगू, नर्सबाईसारखा." ती इतकी हसली की खोकायला लागली. मी म्हटलं, वर जा आणि त्याला सांग की त्या काढ. ती म्हणाली, मी? सकाळीच मला ओरडलाय तो, पाहुण्यांचे बिल्ले उलटे दिले म्हणून. आणि सांगू काय? लिबुशेला तिच्या सपाता परत हव्यात? आधी कायदा करून त्याला बूट काढायला लावायचे आणि मग त्याच्या पायातलं ओढायचं, अगं जरा तरी. मी कारण सांगायला तोंड उघडलं. कारण तीन शब्दांचं होतं. ते तीन शब्द फाटकावर बोलले की दुपारपर्यंत सबंध संस्थेत होतात, आणि ठपका क्रमांक दोन त्यांच्याच अक्षरात लिहिला जातो. मी म्हटलं, राहू दे.

राहू दे म्हटल्यानंतर दोन स्टॉप गेले. त्या दोन स्टॉपांबद्दल मी खरं सांगणार आहे. मी हिशोब करत होते. आठपासून साडेआठ. त्याचा मोजा जाड असेल तर वेगळं, पातळ असेल तर वेगळं. काल पडलेल्यातलं रात्रीत उडालं किती, कातड्याने धरलं किती. ह्या घटकेला त्याला काही जाणवत नसणार. तो सांगत असेल, आमची शुद्धता नव्याण्णव. आज संध्याकाळीही काही नाही. उद्या सकाळी, आपल्या घरी, नदीकाठच्या त्या नव्या इमारतीत, तो मोजा चढवायला वाकेल. मला ते वाकणं दिसत होतं. त्याचं पांढरं, नाजूक पाऊल मी कधी पाहिलं नव्हतं, पण मला ते दिसत होतं, अंगठ्याच्या मुळासकट, आणि मला त्यात गोडी वाटत होती, ती मी नाकारत नाही. कोणी म्हणेल, फोडच ना, बरा होईल. पण मला माहीत आहे की फोड हा तिचा फक्त दिसणारा भाग. जे पलीकडे जातं ते रक्तात जातं, आणि तिथे ते आवळलेलं कडं उलगडतं, आणि पंधरा वर्षांनी एखाद्या डॉक्टरच्या खोलीत कोणी तरी बहुधा हा शब्द उच्चारतं. बरं, माझ्या रक्तात गेलेल्याचं काय? एकतीस वर्षांत थेंबाथेंबाने? आज मी निघाले होते ते वार्षिक तपासणीला. तिथली डॉक्टरीण दर वर्षी विचारते, काही अंगावर सांडलं होतं का, आणि मी दर वर्षी म्हणते, नाही. सगळेच नाही म्हणतात. हो म्हटलं की कामावरून हलवतात. मग त्याच्याच पायाची एवढी काळजी कशाला.

मी पेशेकला फोन लावला. तिसऱ्या घंटेला त्याने उचलला, मागे माणसं जर्मन बोलत होती. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, तुमच्या पायात— तो हलक्या आवाजात म्हणाला, "घातल्यात बाई, घातल्यात. जिंकलात. आता रजेचा दिवस आहे तर मजा करा." आणि फोन बंद. पुन्हा लावला तर लागला नाही.

मी उतरले. अर्धा बांधलेला बूट घेऊन रस्ता ओलांडला आणि परतीच्या स्टॉपवर उभी राहिले. एक ट्रॉलीबस आली. मी चढले नाही. गर्दी आहे असं मी स्वतःला सांगितलं. गर्दी नव्हती, चालकाने दार उघडं ठेवून माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि दार लावलं. पुढची बारा मिनिटांनी. त्या बारा मिनिटांत समोरच्या बेकरीतून आल्या-मधाच्या बिस्किटांचा वास येत होता, ह्या गावाला तो वास चोवीस तास असतो. अंगठा ठणकत होता. प्रत्येक ठणक्याबरोबर दुसरा एक पाय, माझा नसलेला, माझ्या शरीरात शिरत होता. मला ते नको होतं. मला त्याचा पाय माझ्यात नको होता. त्या माणसाबद्दल दया आली असं कोणी समजू नये. एखाद्याच्या ताटातलं उष्टं तोंडात यावं तशी ती जाणीव होती. पुढची बस आली तेव्हा मी चढले.

यार्मिला काचेमागून ओरडली, अगं तुझी रजा ना? मी थांबले नाही. मांडणीपाशी त्याचे काळे बूट होते, झुरिकचे, शेजारी शेजारी, मिठाची पांढरी नक्षी असलेले. मी माझे काढले. एका पायात मोजा, दुसरा उघडा, तशी जिना चढले, आणि दार न वाजवता बैठकीच्या खोलीत गेले.

चौघं होते. ग्रात्सचे दोन पुरुष आणि एक बाई, आणि टेबलाच्या टोकाला तो. पायावर पाय टाकून बसलेला. डावा पाय वर. माझी सपात त्याच्या बोटांवर लोंबत होती आणि तो ती हळूहळू हलवत होता, आईच्या घरी बसल्यासारखा. मोजा पातळ होता, राखाडी. मी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले, कारण दुसऱ्या कुठल्याही रीतीने तिथपर्यंत हात पोचत नव्हता.

"उठा," तो चेकमध्ये म्हणाला, हसरा चेहरा तसाच ठेवून. "काय चाललंय? लोक आहेत."

"काढा ती."

"श्टेफकोवाबाई, एका जोडासाठी—"

"त्यात एपी आहे. काल सांडली. माझ्या हातून."

मी ते जर्मनमध्येही सांगितलं, वाईट जर्मनमध्ये. खोलीतले सगळे रसायनवाले होते. ग्रात्सच्या बाईने सर्वांत आधी खुर्ची मागे सरकवली. मग पुरुषांनी. पेशेक हलला नाही. त्याचा पाय मात्र थांबला, आणि सपात त्याच्या बोटांवरून माझ्या मांडीवर पडली. माझ्या मांडीवर लोकरीचा झगा होता; मी ती झटकली आणि झगा उतरवला आणि नुसत्या परकरावर उभी राहिले, कोणाकडेही न पाहता.

बाहेरच्या बेसिनपाशी मी त्याला उभं केलं. डावा पाय उचलून बेसिनमध्ये धरायचा म्हणजे त्याला एका पायावर उभं राहावं लागत होतं, आणि धरायला माझ्या खांद्याखेरीज काही नव्हतं. त्याने हात ठेवला. मी नळ सोडला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा.

"पाणी बर्फासारखं आहे," तो म्हणाला.

"असू दे."

"त्या तिथे का ठेवल्यात?"

"वारा लागावा म्हणून."

"भिजलेलं कातडं वाऱ्याला ठेवतं कोणी? एकतीस वर्षं तुम्ही लोकांना हेच शिकवता."

"माहीत आहे."

त्याचा पाय मला वाटला होता तसाच होता, पांढरा, नखं नीट कापलेली, पण करंगळी वाकडी होती, लहानपणी मोडून तशीच जुळलेली. ती मला दिसायला नको होती. सहा मिनिटं झाली. खालून यार्मिलाचा आवाज आला, ती कोणाला तरी सांगत होती की वर लिबुशे झुरिकवाल्याचे पाय धुतेय. तो ते ऐकत होता. मीही ऐकत होते.

"हे मला लिहावं लागेल," तो म्हणाला. "दुसरा ठपका. त्याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे."

"लिहा. आणि कोबाल्टवर दोन दिवस ठेवायला कोणी सांगितलं, तेही त्याच कागदावर लिहा."

माझ्या खांद्यावरचा त्याचा हात जड झाला, मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने तो हलका केला, मग तोल जायला लागला तेव्हा पुन्हा जड. अंगठ्याच्या मुळाशी मसुरीएवढा तांबूस डाग होता. गार पाण्याने असेल, नसेल. मी त्याच्यावर साबण फिरवला, धुतला, पुन्हा फिरवला. त्याने तो डाग पाहिला, मग माझा उघडा पाय पाहिला, त्यावरचा फोड, आणि पहिल्यांदा त्याचा आवाज बदलला.

"हे सकाळी आलं?"

"हो."

"आणि तुम्हाला खरंच वाटलं नव्हतं, मीच घालीन म्हणून?"

नऊ मिनिटं झाली होती. मी म्हटलं, पाय सरळ धरा, बोटांच्या मधे राहतं.

गुरुवारी संध्याकाळी दिवा घालवून मी फाटकापर्यंत गेले होते. तिथून परत आले, खालच्या फळीपाशी वाकले, आणि दोन्ही सपाता ओढून पुढे घेतल्या, टाचा बाहेर, पाय घालायला सोप्या पडतील अशा.